तीन गोणपाटांचा फोटो

मी ज्या बियाणे कंपनीत नोकरीला लागले, तिच्या प्रसिद्धी विभागात दोन टेबलं, एक कपाट आणि एक सर होते. कंपनी लहानच. जालन्यात बियाण्यांच्या कंपन्या इतक्या, की आमची नेमकी कुठली हे सांगायला औद्योगिक वसाहतीतल्या रिक्षावाल्यालाही दोन खुणा द्याव्या लागायच्या. मी बदनापूरहून सकाळच्या गाडीने यायची, दिवसभर खाली मान घालून काम करायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायची. मुलाखतीत मला एकच गोष्ट विचारली होती, कंपनीचं सोशल मीडियाचं पेज सांभाळता येईल का. मी हो म्हणाले. कुणाशी बोलायचं नाही, नुसतं लिहायचं, अशी नोकरी मला हवीच होती.

सरांनी साठी ओलांडली होती. रीतसर निवृत्त झालेले, पण मालक दर वर्षी जून संपताना त्यांच्या हातात एक पत्र द्यायचे आणि सर आणखी वर्षभर यायचे. त्यांच्या घरी उर्दू. वडील जुन्या जालन्यात पुस्तकबांधणीचं काम करायचे, आणि शिवायला आलेली पुस्तकं वाचून सर मराठी शिकले होते. "गिऱ्हाईक संध्याकाळी पुस्तक न्यायला यायचं," ते सांगायचे, "त्यामुळं कित्येक गोष्टींचा शेवट मला अजून माहीत न्हाई." बोलताना ते असे, पण लिहायला बसले की त्यांची मराठी इस्त्री केलेल्या सदऱ्यासारखी व्हायची. मी इंग्रजी शाळेतली. घरी मराठीच बोलायचो, पण लिहिताना माझा हात अडखळायचा. सरांच्या हातच्या बातम्या टाइप करता करता मी मराठी लिहायला शिकले. हे त्यांना मी कधी सांगितलं नाही.

त्यांचं काम मला पहिले काही महिने नीट कळलंच नाही. ते फार थोडं लिहायचे आणि फार फिरायचे. कुठल्या वार्ताहराच्या मुलीचं लग्न कधी आहे, कोणाच्या आईचं ऑपरेशन झालंय, कोणाला दिनदर्शिका पोचली नाही, हे सगळं त्यांच्या डोक्यात. कंपनीविरुद्ध काही छापून यायचं असलं तर आदल्या दिवशी त्यांना फोन यायचा. "साहेब, असं असं आलंय." सर म्हणायचे, "छापा की. फक्त आमच्या दोन ओळी घ्या." मग त्या दोन ओळी लिहायला ते तासभर घ्यायचे.

पहिल्याच महिन्यात मी एक घोळ केला. कुंभार पिंपळगावला आमच्या तुरीची पीक पाहणी झाली होती. शेतकऱ्यांना जीपमधून प्लॉटवर नेलं, फिरवलं, जेवू घातलं. सरांनी त्याची बातमी लिहिली आणि मला सांगितलं, "पेजवर जशीच्या तशी टाका, मॅडम. एक शब्द इकडचा तिकडं नको." मी जशीच्या तशी टाकली. सगळ्यात वर 'प्रति, मा. संपादक'. त्याखाली 'आपल्या लोकप्रिय दैनिकात योग्य ती प्रसिद्धी द्यावी, ही नम्र विनंती'. शेवटी 'सोबत : छायाचित्र', आणि छायाचित्र मी जोडलंच नव्हतं.

दुपारपर्यंत खाली पन्नासेक लोकांनी लिहिलं होतं. 'दिली प्रसिद्धी साहेब.' 'पान नंबर किती?' 'जागेअभावी उद्या घेतो.' 'फोटो भेटला न्हाई, परत पाठवा, आणि जेवणाचा पण पाठवा.'

मी पोस्ट काढून टाकणार तेवढ्यात सर मागे येऊन उभे राहिले. त्यांनी सगळं वाचलं, मला वर-खाली करायला लावून पुन्हा वाचलं. मग चष्मा काढून डोळे पुसत हसत राहिले.

"राहू द्या," ते म्हणाले. "इतकी वर्षं बातम्या देऊन राह्यलो मी. उत्तर पहिल्यांदा आलं."

त्या दिवसापासून ते रोज दुपारी खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसू लागले. एकेक कमेंट वाचायची आणि माणूस कोण असेल याचा अंदाज करायचा, हा त्यांचा चहाबरोबरचा उद्योग झाला. उत्तरं मात्र ते सांगायचे ती जुन्याच वळणाची. 'आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे.' मी टाइप करायची. कोणी घेतली, कुठे घेतली, हे मीही विचारलं नाही.

आमच्याच जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या एका ब्लॉगबद्दल मी त्यांना सांगितलं नव्हतं. तो मी नोकरीच्या आधीपासून वाचत होते. शेतीवरचा साधा ब्लॉग, पण त्यात बाकीच्यांसारखं 'भरघोस', 'विक्रमी' असलं काही नसायचं. कुठल्या वाणाची पानं कधी पिवळी पडली, कोळपणीला किती माणसं लागली, निंदताना हाताला काय लागलं, एवढंच. वर फोटो पागोटं बांधलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा. ब्लॉगवर आलेलं लगेच तालुक्यातल्या सगळ्या ग्रुपवर फिरायचं. लोक खाली 'काका, तुम्ही बराबर लिहिता' असं लिहायचे.

मे संपता संपता त्या ब्लॉगवर आमच्या सोयाबीनची थैली दिसली. खाली लिहिलं होतं की पेरणीआधी नेहमीप्रमाणे ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवून पाहिले, बावन्न उगवले. सत्तरच्या आसपास तरी उगवायला हवेत, हे आमच्याकडे शेतातल्या कोणालाही विचारलं तरी सांगेल. शिव्या नव्हत्या, आरोप नव्हता. थैलीवरच्या लेबलाचा फोटो होता, लॉट नंबरासकट.

मी तो सरांना दाखवला. त्यांनी सवयीने फोनची डायरी पुढे ओढली.

"संपादक कोण हाये याचा?"

"तोच आहे, सर."

"आणि वार्ताहर?"

"तोच."

"मंग आपल्या दोन ओळी कोणाला द्यायच्या?"

मी म्हणाले, "खाली कमेंटमध्ये देता येतात." त्यांनी डायरी मिटून बाजूला सारली.

संध्याकाळी मालकांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्या टेबलावर पुण्याच्या एका एजन्सीचं सादरीकरण छापून ठेवलेलं होतं, रंगीत, गुळगुळीत कागदावर. मालक वाईट माणूस नव्हते. ते आवाज चढवत नसत, आणि म्हणूनच मला त्यांची जास्त भीती वाटायची. ते म्हणाले, ही एजन्सी असं लिखाण दोन दिवसांत काढायला लावते, नोटीस पाठवते, पेजही तीच चालवेल. मग सरांकडे न बघता म्हणाले, "पेरणी तोंडावर आहे. आठ दिवस देतो. ती पोस्ट निघाली तर ठीक. नाही तर या वर्षी तुमच्या पत्राचं मला काही सांगता येणार नाही."

बाहेर आल्यावर सर म्हणाले, "जीप सांगून ठेवा. सकाळी टेंभुर्णी."

"नोटीस?"

"आधी पाणी पिऊ त्याच्या घरचं."

निघताना त्यांनी गोदामातून त्याच लॉटची एक सीलबंद थैली काढून घेतली. ती मागच्या सीटवर आडवी ठेवली, खाली पोतं अंथरलं. मी पुढे बसले. माझ्या मनात सारखं एकच चाललं होतं, की हा जूनचा कागद मिळाला नाही तर सर काय करतील. घरी बसलेले सर मला दिसतच नव्हते.

घर गावाच्या कडेला होतं. ओसरीवर फोटोतले तेच काका बसलेले, पागोट्याशिवाय. त्यांनी सरांना बाजेवर बसवलं, माझ्याकडे बघितलं आणि आत आवाज दिला, "सूनबाई, मॅडम आल्यात." आणि मला म्हणाले, "तुम्ही आत जा, बाई. हितं काय, गड्यांच्या गप्पा."

अशा वेळी मला नेहमी सुटल्यासारखं वाटतं. बाहेर बोलणं सुरू झालं, मी वाकून स्वयंपाकघरात शिरले.

आत माझ्याहून थोडी मोठी एक बाई चहाचं आधण ठेवत होती. चुलीशेजारी नाही, गॅसच्या ओट्यावर. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला चार्जिंगला लावलेला फोन आणि त्याच्याजवळ एक लांबट वही, तिच्यावर पिठाचा हात लागलेला. वही उघडी होती. मी पाहू नये म्हणून नजर वळवली, पण वाचून झालं होतं. 'गोणपाट दुसरं, दिवस तिसरा.'

"तुम्ही लिहिता?" मी विचारलं.

"मंग कोण?" ती म्हणाली. "मामंजींना चष्मा लावूनबी पेपर दिसत न्हाई."

"फोटो त्यांचा आहे."

"त्यांचा चांगला येतो." तिने साखर टाकली. "आणि माझा टाकला असता तर लोकांनी सोयाबीन सोडून तेच बघितलं असतं. कोणी विचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई. तुम्ही कंपनीच्या ना? पोस्ट काढा म्हणायला आल्या?"

घरून निघताना मी काय बोलायचं याचा एक शब्दही ठरवला नव्हता. बोलणार सर होते. ते ओसरीवर काकांशी पावसाचं, विहिरीचं बोलत होते, आणि जिच्याशी बोलायचं ती माझ्यासमोर पातेल्यात चमचा ढवळत होती. मला 'आपल्या तक्रारीची नोंद घेण्यात आली आहे' एवढंच सुचलं. ते मी म्हणाले असते तर ती हसली असती, आणि बरोबर केलं असतं तिने.

"मालकांना ती काढून हवी आहे," मी म्हणाले. "मला माहीत नाही मला काय हवंय. मी तुमचं दोन वर्षांपासून वाचते."

तिने पहिल्यांदा नीट माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही कधी कमेंट केली न्हाई."

"मी करत नाही."

"हां," ती म्हणाली. "वाचून गप बसणारे लई हायेत. मला त्यांचीच भीती वाटती."

मग तिने मला मागच्या पडवीत नेलं. गोणपाटाच्या गुंडाळ्या ओळीने ठेवल्या होत्या, प्रत्येकीला चिंधी बांधून. तिने एक सोडली. दहा-दहा दाण्यांच्या दहा रांगा. काही दाण्यांना पांढरे मोड, काही तसेच फुगून मऊ पडलेले. असं ती दर वर्षी घरात येणाऱ्या प्रत्येक थैलीचं करत होती. तिच्या सासूने शिकवलं होतं. लिहायला तिने स्वतः सुरुवात केली, कारण दर वर्षी आकडे विसरायला व्हायचं.

मी विचारलं, "आमच्या गोदामातली थैली आणली आहे. तीही ठेवाल? आणि इथल्या दुकानातली एक सीलबंद. तिन्ही शेजारी शेजारी."

"आणि जे येईल ते टाकीन," ती म्हणाली. "चांगलं आलं तरी, वाईट आलं तरी. मंजूर?"

मी हो म्हणून बसले. असं हो म्हणायचा अधिकार मला कोणी दिला होता, हे बाहेर येईपर्यंत माझ्या लक्षातही आलं नाही.

ओसरीवर मी सरांना सांगितलं की ब्लॉग सूनबाई लिहितात. सरांनी चहाची बशी खाली ठेवली आणि काकांकडे पाहिलं. काका मिशीत हसत होते.

"मला काय इचारता," ते म्हणाले. "मी नुसता फोटोला उभा राहतो."

मग त्यांनीच दुकानाचं सांगितलं. थैल्या आल्या त्या दिवशी ते तिथेच होते. "गाडीवरून धपाधप खाली टाकून राह्यले ना ते पोरं. मी म्हणलं, अरे, ते सोयाबीन हाये, सिमेंट न्हाई. कातडं पातळ असतंय त्याचं." दुकानात थैली घ्यायला गेलो तेव्हा सर थप्पीसमोर उभे राहून बोटाने थैल्या मोजत राहिले. एकावर एक, छताला टेकलेल्या.

पुढचे पाच दिवस ती रोज एक फोटो टाकत होती. तीन गुंडाळ्या, पाणी शिंपडलेल्या. मी तो आमच्या पेजवर घ्यायची, सरांना विचारून. लोक पैजा लावू लागले. कोणी लिहिलं, 'कंपनी स्वतःच टाकून राह्यली म्हणजे आतून काहीतरी सेटिंग असंल.' सर ते वाचून म्हणाले, "बराबर शंका हाये. मी असतो तर हेच लिहिलं असतं."

पाचव्या दिवशी सकाळी आठला फोटो आला. तीन गोणपाटं उघडून शेजारी शेजारी. तिची थैली पुन्हा बावन्नच. दुकानातली पंचावन्न. गोदामातली एक्क्याऐंशी.

म्हणजे बियाणं चांगलं होतं आणि आमच्याच गाडीतून उतरताना खराब झालं होतं. उतरवणारी माणसं आमचीच, ठेकेदाराची असली तरी.

मालकांचा मेसेज थेट मला आला. फक्त गोदामातल्या गोणपाटाचा फोटो टाका, खाली लिहा, आमच्या बियाण्याची उगवण क्षमता सिद्ध. मी तो सरांना दाखवला. त्यांनी तो वाचला आणि फोन परत दिला.

"आधी असतं तर मी हाच एक फोटो पाठवला असता," ते म्हणाले. "पेपरात छापून आला असता. बाकीचे दोन कोणी बघितलेच नसते. आणि मी मजेत जेवलो असतो."

"आता?"

"आता बाकीचे दोन तिच्याकडं हायेत. पण खरं सांगू का, मॅडम, तिच्याकडं नसते तर आज मी काय केलं असतं ते मला ठाव न्हाई." त्यांनी चष्मा पुसला. "तुम्ही साहेबांचं ऐका. नोकरी नवी हाये तुमची. माझं काय, मी तसाबी निघालेलोच."

ते नमाजाला गेले. शुक्रवार होता. मी खुर्चीत बसून राहिले. एक फोटो टाकला तर दुपारपर्यंत लोक तिचे तीन फोटो शेजारी ठेवतील, आम्ही खोटे पडू, आणि मालक त्याचं खापर सरांच्या जुन्या पद्धतीवर फोडतील. तीन टाकले तर सरांचं पत्र आजच गेलं. कसंही धरलं तरी सरच जाताना दिसत होते. मग निदान ते ज्या घरी पाणी प्यायले, त्या घरासमोर तरी त्यांची मान खाली जाऊ नये, असं मला वाटलं. एवढाच विचार होता तो. फार धीराचा नव्हता.

मी तिन्ही टाकले. खाली लिहिलं : 'गोदामातलं बियाणं चांगलं आहे. दुकानात पोचलेलं त्याच लॉटचं बियाणं कमी उगवतंय. थैल्या आमच्या गाडीतून उतरवताना आपटल्या गेल्या. या लॉटची थैली घेतली असेल तर पेरू नका, दुकानात परत द्या, बदलून मिळेल. शंभर दाणे घरी तपासूनच पेरा. टेंभुर्णीच्या ताईंनी तपासलं नसतं तर आम्हाला कळलं नसतं.' 'ताई' लिहिण्याआधी मी तिला फोन करून विचारलं होतं. ती म्हणाली, "लिहा. किती दिवस मामंजींना उभं करू."

सर परत आले तेव्हा मालकांनी मला बोलावणं पाठवलेलं होतं. सर म्हणाले, "बसा तुम्ही," आणि स्वतः गेले. केबिनचा दरवाजा पूर्ण लागत नाही. मला ऐकू येत होतं.

"मी सांगितलं तिला टाकायला," सर म्हणत होते.

"बदलून देऊ, हेही तुम्हीच ठरवलं?"

"हो."

मग मालक म्हणाले, "किती थैल्या असतील त्या लॉटच्या बाहेर?" आणि सरांनी आकडा सांगितला. दुकानासमोर उभे राहून ते काय मोजत होते, आणि त्यानंतरचे दोन दिवस फोनवर दुकानदारांना काय विचारत होते, ते मला तेव्हा कळलं.

थैल्या परत आल्या. अंदाज होता त्याहून कमी आल्या, कारण बऱ्याच जणांनी आधी घरी गोणपाट लावून पाहिलं आणि पेजवर आपापले फोटो टाकले. कोणाचे साठ, कोणाचे अठ्ठ्याहत्तर. एकाने चुकून हरभरा लावला होता. मालक रोज संध्याकाळी येऊन माझ्या पडद्यावर ते बघून जायचे. हमालांसाठी थैली हातात घेऊन उतरवायची सूचना निघाली. ती सरांनी लिहिली. चार ओळींची, आणि तिच्यात कसलीही नोंद घेण्यात आली नव्हती.

जूनच्या शेवटच्या दिवशी सरांना पत्र मिळालं. वर्षाचं नाही, सहा महिन्यांचं. पेजवरच्या जाहिराती आणि व्हिडिओ एजन्सी करणार होती. लोकांना उत्तरं देणं आमच्याकडे राहिलं.

मी म्हणाले, "सर, सहाच महिने."

"पुरे हायेत," ते म्हणाले. पत्राची घडी करून त्यांनी खिशात ठेवली, मग माझ्या संगणकापाशी आले. "ते पेजवर खाली माझा नंबर हाये ना फोनसाठी. तो काढा. तुमचा टाका."

"माझा नको, सर. लिहून विचारू दे त्यांना. मी लिहून उत्तर देते की."

"लिहिता तर तुम्ही माझ्याहून चांगलं. बोलायचं राहिलंय." त्यांनी शेजारची खुर्ची ओढली. "मी बसतो ना हितं. अडलं तर मी हाये."

मी नंबर बदलला. अर्ध्या तासात फोन वाजला, कुंभार पिंपळगावचा एक दुकानदार. मी सरांकडे पाहिलं. ते टेबलाच्या खणात काहीतरी शोधत असल्यासारखे खाली वाकले होते, आणि तो खण रिकामा आहे हे मला माहीत होतं.

"हॅलो," पलीकडून आवाज आला. "कोण बोलून राह्यलं?"

मी माझं नाव सांगितलं. मग त्यांच्या गावातल्या पावसाचं विचारलं.